टांडावरच्या भाताला डीएपीची गोणी हवी की मातीतली बुरशी? हजारीबागच्या प्रयोगांनी काय दाखवलं?

२०२५ च्या खरिपात देशातल्या अनेक राज्यांत खतांच्या दुकानांसमोर रांगा लागल्या होत्या. चीनने फॉस्फेटच्या निर्यातीवर आणलेले निर्बंध हे डीएपीच्या टंचाईमागचं एक मोठं कारण होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये सौदी अरेबियातल्या मादेन कंपनीबरोबर भारतीय कंपन्यांनी पाच वर्षांसाठी दरवर्षी ३१ लाख टन डीएपी घेण्याचा करार केला. शेतकऱ्याला ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना मिळावी, म्हणून सरकारने नेहमीच्या अनुदानावर टनामागे आणखी ३,५०० रुपये दिले.

थोडक्यात, भारताच्या शेतीला लागणारा स्फुरद बाहेरून येतो. देशात वर्षाला साधारण १ कोटी टन डीएपी वापरलं जातं. त्यातला मोठा वाटा थेट आयात होतो. जे इथे बनतं, त्यासाठी लागणारं रॉक फॉस्फेट आणि फॉस्फोरिक आम्लही बहुतांश परदेशातूनच आणावं लागतं.

या सगळ्या गणितात एक शेतकरी कायम रांगेच्या शेवटी असतो. तो म्हणजे झारखंडच्या माळावर, पावसाच्या भरवशावर भात पेरणारा. त्याच्याकडे डीएपीला पैसे कमी असतात, आणि टाकलेलं डीएपी त्याच्या लाल मातीत अडकून बसतं. पण त्याच मातीत एक बुरशी राहते, जी अडकलेल्या स्फुरदाच्या शेतात मुळांचे हात लांब करते. ती विकत आणावी लागत नाही. मात्र ती जगेल की मरेल, हे शेतकरी नांगर कधी घालतो आणि भाताआधी काय पेरतो यावर ठरतं.

हजारीबागच्या भात संशोधन केंद्राने नेमकं हेच तपासलं. त्यातून जे हाती आलं, ते पुढे धोरणात आणि दुकानात कुठवर पोहोचलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

टांड म्हणजे काय आणि तिथला भात वेगळा कसा?

भात म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चिखल आणि लावणी येते. छोटा नागपूरच्या पठारावर मात्र जमिनीची प्रतवारी उतारावरून ठरते. खालच्या, पाणी धरणाऱ्या खाचरांना तिथे 'दोन' म्हणतात. वरच्या, पाणी न टिकणाऱ्या जमिनीला 'टांड' म्हणतात. टांडावर चिखलणी नाही, लावणी नाही. जूनमध्ये पाऊस पडला की नांगरून थेट बी पेरायचं आणि मग आभाळाकडे बघायचं.

इथला पारंपरिक भात म्हणजे 'गोडा धान'. तो साधारण तीन महिन्यांत तयार होतो. उत्पादन कमी, पण त्याचं मोल वेगळं आहे. खालच्या खाचरांतला भात नोव्हेंबरच्या आसपास निघतो. त्याआधी, भाद्रपदात घरातलं धान्य संपत आलेलं असतं. त्या दिवसांत टांडावरचा भात पहिल्यांदा घरात येतो. बहुतांश आदिवासी आणि अल्पभूधारक कुटुंबांसाठी हा भात बाजारात विकायचा माल नसून उपासमारीच्या महिन्यातला आधार आहे.

या भागासाठी हजारीबागमध्ये कोरडवाहू उंचवट्याच्या भाताचं खास संशोधन केंद्र आहे. ते कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं उपकेंद्र. 'वंदना', 'अंजली' आणि दुष्काळ सोसणारा 'सहभागी धान' या वाणांच्या मागे याच केंद्राचं काम आहे. वाण सुधारले, पण मातीचा प्रश्न उरला.

जमिनीत स्फुरद असूनही पिकाला का मिळत नाही?

टांडाची माती लाल, हलकी आणि आम्लधर्मी असते. अशा मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर असतात. स्फुरद त्यांना चिकटतो आणि पिकाच्या हाती लागत नाही. माती परीक्षणात एकूण स्फुरद बरा दिसू शकतो, पण मुळाला उचलता येईल असा त्यातला अंश फारच थोडा असतो.

दुसरी अडचण स्फुरदाच्या स्वभावाची आहे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतो. स्फुरद जागचा हलत नाही. मूळ आपल्या भोवतालचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करतं आणि त्यापलीकडे स्फुरद असूनही ते उपाशी राहतं. माती कोरडी पडली की ही हालचाल आणखी मंदावते. टांडावर पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की पिकावर पाण्याचा आणि स्फुरदाचा ताण एकदमच येतो.

वरून टाकलेल्या डीएपीचंही तेच होतं. त्यातला थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. उरलेला मातीत बांधला जातो. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे, त्याच्याच जमिनीत खत सर्वांत जास्त अडकतं.

ही बुरशी नेमकं काय करते?

बुरशी म्हटलं की करपा किंवा मूळकूज आठवते. ही बुरशी त्या जातीची नाही. तिचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, पण कृषी सेवा केंद्रांत ती 'मायकोरायझा' किंवा 'व्हॅम' या नावाने ओळखली जाते. जमिनीवरच्या ७० ते ८० टक्के वनस्पतींच्या मुळांत ती सापडते. हे नातं किती जुनं आहे? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा आहेत.

व्यवहार देवाणघेवाणीचा आहे. बुरशीचे तंतू मुळाच्या पेशीत शिरतात आणि तिथे झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फोडतात. त्याच वेळी तिचे बाहेरचे तंतू मातीत काही सेंटिमीटरपर्यंत पसरतात. ते मुळापेक्षा कितीतरी बारीक असल्याने मातीच्या अशा फटींत जातात जिथे मूळ पोहोचू शकत नाही. तिथला स्फुरद आणि जस्त ते गोळा करून मुळाला देतात. बदल्यात झाड त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ पुरवतं.

स्फुरदाची उपासमार झाली की झाड स्वतःच बुरशीला हाक मारतं. मुळं 'स्ट्रायगोलॅक्टोन' नावाची रसायनं मातीत सोडतात आणि त्यामुळे बुरशीचे तंतू फुटून मुळाकडे वळतात. हे २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. गंमत म्हणजे ज्वारीतला टारफुलाही हीच हाक ऐकून उगवतो. या रसायनाचं नावही टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरूनच पडलं आहे.

भाताच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांनी मुळातला तो दरवाजाही शोधून काढला आहे. बुरशी वसल्यावरच जागं होणारं एक जनुक भातात आहे आणि बुरशीने आणलेला स्फुरद त्याच्या मदतीने आत घेतला जातो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बुरशी वसलेल्या भाताने एकूण स्फुरदापैकी सुमारे ७० टक्के याच मार्गाने घेतल्याचं आढळलं. तो प्रयोग कुंडीतला होता, शेतातला नव्हे. तरी एवढं नक्की की भात हे बुरशीशी मैत्री करणारं पीक आहे.

मग सगळ्याच भाताला ही बुरशी का वापरत नाहीत?

कारण पाणी. या बुरशीला हवा लागते. खाचरात पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि बुरशी मागे हटते. दुसरीकडे, पाणी साचलेल्या मातीत लोहाला चिकटलेला स्फुरद सुटा होतो. त्यामुळे चिखलातल्या भाताला तिची गरजही कमी पडते.

टांडावर दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. माती मोकळी, हवेशीर, आणि स्फुरद अडकलेला. म्हणजे बुरशीला राहायला जागा आहे आणि भाताला तिची गरजही आहे. तरीही टांडावरच्या भाताच्या मुळांत ती पुरेशी सापडत नाही. असं का, हाच हजारीबागच्या शास्त्रज्ञांचा प्रश्न होता.

हजारीबागमध्ये काय सापडलं?

शास्त्रज्ञ दीपांकर मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरची बुरशी आणून टाकण्याआधी मातीतल्या मूळच्या बुरशीकडे पाहिलं. त्यांचे प्रमुख निष्कर्ष २०११ आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्यातले तीन मुद्दे शेतकऱ्याच्या थेट उपयोगाचे आहेत.

पहिला मुद्दा नांगरणीचा. भात निघाल्यानंतर पुढच्या जूनपर्यंत टांड मोकळा असतो. या काळात हिवाळी किंवा अवकाळी पाऊस झाला की शेतकरी नांगर घालतो. तण मरतं, किडींचे कोष उघडे पडतात, पुढच्या पावसाचं पाणी मुरतं. पण प्रत्येक नांगरणीत बुरशीचं जाळं तुटतं. मातीत ओल असेल तर तुटलेले तंतू आणि बीजाणू पुन्हा रुजायला बघतात. शेतात एकही पीक नसतं, त्यामुळे वसायला मूळ मिळत नाही आणि ते मरतात. असं दोन-तीनदा झालं की जूनपर्यंत साठा संपत येतो.

नांगरणी बंद करा, असं केंद्राने सांगितलं नाही. टांडावरच्या भाताचा सर्वांत मोठा शत्रू तण आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं ते अंतर: हंगामाबाहेरच्या दोन नांगरण्यांमध्ये किमान १३ आठवडे जाऊ द्या. एवढा अवकाश मिळाला तर बुरशीचं नुकसान कमीत कमी होतं. म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस एक नांगरणी झाली, तर पुढची मार्च उजाडेपर्यंत नको. या सल्ल्याला एक रुपयाही खर्च नाही.

दुसरा मुद्दा पिकांच्या फेरपालटीचा. वर्षानुवर्षे भातावर भात घेतला आणि मधले आठ-नऊ महिने जमीन उघडी ठेवली, तर बुरशीला वर्षातले जेमतेम तीन महिने खायला मिळतं. केंद्राने दोन वर्षांचा फेर तपासला. पहिल्या वर्षी मका आणि तो उभा असतानाच त्यात कुळीथ, दुसऱ्या वर्षी भात. मका या बुरशीचा आवडता यजमान आहे आणि कुळीथही तिला मुळात जागा देतो. कुळथामुळे डिसेंबरपर्यंत जमिनीत जिवंत मुळं राहतात. या फेरानंतर घेतलेल्या भाताच्या मुळांत बुरशी जास्त वसली आणि स्फुरदाचं शोषणही वाढलं.

तिसरा मुद्दा बाहेरून बुरशी देण्याचा. स्थानिक मातीतल्या बुरशीपासून तयार केलेलं विरजण भाताला दिल्यावर फायदा झाला. पण फेरपालट आणि विरजण एकत्र केलं, तेव्हा परिणाम सर्वांत चांगला दिसला. आधी घर राहण्याजोगं केलं, तरच पाहुणा टिकतो, असा त्याचा अर्थ.

भाताचे वाणही या बाबतीत सारखे नसतात. काही वाण बुरशीला पटकन सामावून घेतात, काही कमी. वाण निवडताना मात्र हा गुण क्वचितच मोजला जातो. कारण बहुतेक चाचण्या खत भरपूर दिलेल्या शेतात होतात, आणि स्फुरद मुबलक असेल तर भात बुरशीला हाकच मारत नाही.

उलट जाणारी पिकंही लक्षात ठेवावी लागतात. मोहरी, मुळा, कोबी या कुळातल्या पिकांच्या मुळांत ही बुरशी वसत नाही. त्यामुळे भाताआधी मोहरी घेतली तर बुरशीच्या दृष्टीने ते शेत रिकामंच राहिल्यासारखं असतं. फार काळ पडीक ठेवलेल्या जमिनीत नंतरचं पीक स्फुरद आणि जस्ताविना खुरटतं, हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या शेतकऱ्यांनीही अनुभवलं होतं. तिथे संशोधकांनी १९८७ मध्ये त्याचा संबंध याच बुरशीच्या ऱ्हासाशी जोडला.

पाकिटातली मायकोरायझा चालते का?

कधी चालते, कधी नाही. शेतकऱ्याच्या खिशाला बसणारी कात्री याच अनिश्चिततेत आहे.

ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. रायझोबियमसारखे जिवाणू टाकीत वाढवता येतात, तशी ती वाढवता येत नाही. कारण लागणारे स्निग्ध पदार्थ तिला स्वतः बनवता येत नाहीत. ते झाडाकडूनच घ्यावे लागतात. त्यामुळे एक तर ती कुंडीत किंवा वाफ्यात पिकाच्या मुळांवर वाढवायची, नाहीतर प्रयोगशाळेत मुळांचे तुकडे जिवंत ठेवून त्यांच्यावर. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने हे दुसरं तंत्र भारतात विकसित करून उद्योगांपर्यंत नेलं. दोन्ही मार्ग वेळखाऊ आहेत आणि तयार माल जिवंत असल्याने उन्हात तापलेल्या गोदामात तो टिकेलच असं नाही.

कायद्याने मानक ठरवलं आहे. खत नियंत्रण आदेशानुसार मायकोरायझा जैविक खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये रुजू शकतील असे ठरावीक किमान जिवंत अंश असले पाहिजेत. पण पाकीट हातात घेणाऱ्याला ते जिवंत आहेत की मेलेले, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यात मायकोरायझाचं नाव घेऊन दाणेदार, द्रवरूप अशी कितीतरी उत्पादनं बाजारात फिरतात आणि त्यातली सगळी जैविक खत म्हणून नोंदलेली नसतात. जैव-उत्तेजक हा कायद्यातला वेगळा वर्ग. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितलं होतं की एकेकाळी सुमारे ३०,००० जैव-उत्तेजक उत्पादनं बेलगाम विकली जात होती, आणि नियम कडक झाल्यावर ती साधारण ६५० वर आली.

माल अस्सल असला तरी प्रत्येक शेतात फायदा होईलच असं नाही. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. तिथे संशोधकांनी मक्याच्या ५४ शेतांत एकाच प्रकारची बुरशी दिली. २०२३ मध्ये जाहीर झालेले निकाल थक्क करणारे होते. काही शेतांत मक्याची वाढ ४० टक्क्यांपर्यंत सुधारली, तर काही शेतांत ती १२ टक्क्यांपर्यंत घटली. फरक कशाने पडला? मातीत आधीपासून कोणते सूक्ष्मजीव आहेत, यावर बरंचसं अवलंबून होतं. जिथे रोगकारक बुरशी जास्त होत्या, तिथे फायदा अधिक दिसला.

स्वित्झर्लंडचा मका आणि झारखंडचा भात यांची तुलना होत नाही. पण धडा लागू पडतो: मातीत काय आहे हे न पाहता सरसकट पाकीट वाटलं, तर कुणाला लॉटरी लागेल आणि कुणाचे पैसे जातील.

मग शेतकऱ्याने घरी बनवावी का?

बनवता येते, आणि टांडासाठी हा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे. पद्धत सोपी आहे. उथळ खड्डा घेऊन त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा. माती पारदर्शक कागदाखाली कडक उन्हात तापवून रोगजंतू कमी करायचे. मग खात्रीच्या ठिकाणाहून आणलेलं थोडं मूळ विरजण मिसळून त्यात मका, ज्वारी किंवा गवत वाढवायचं. दोन-तीन महिन्यांनी पाणी तोडायचं, वरचा भाग कापून गुरांना घालायचा आणि मुळांचे बारीक तुकडे करून त्याच मातीत मिसळायचे. ही मुळं आणि माती हेच विरजण.

पेरताना ते बियांच्या जवळ किंवा किंचित खाली पडायला हवं. शेतभर उधळून उपयोग नाही. आणखी एक काळजी घ्यावी लागते. भाताच्या बियाण्याला सर्रास कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक चोळलं जातं. त्याच गटातलं बेनोमिल हे औषध शास्त्रज्ञ प्रयोगात ही बुरशी दाबून टाकण्यासाठी वापरतात. एका हाताने बुरशी देऊन दुसऱ्या हाताने तिचं औषध दिलं, तर दोन्हींचा खर्च वाया.

मूळ विरजण कुठून आणायचं आणि तयार मालात बुरशी खरंच वाढली का, हे मात्र एकट्या शेतकऱ्याला तपासता येत नाही. तिथे कृषी विज्ञान केंद्राची गरज लागते.

अडचण नेमकी कुठे आहे?

१३ आठवड्यांचा नियम ऐकायला सोपा आहे. प्रत्यक्षात ट्रॅक्टर किंवा बैल भाड्याने मिळतात तेव्हा नांगरणी होते, दिनदर्शिकेप्रमाणे नाही. हिवाळ्यात अचानक पाऊस पडला आणि ओल आली, तर ती संधी सोडायला मन धजत नाही. नांगरणी एकदा कमी केली आणि तण वाढलं, तर निंदणीचा भार बहुधा घरातल्या बायकांवर पडतो. बुरशी वाचवण्याची ही किंमत हिशेबात धरली पाहिजे.

फेरपालटीचंही तसंच. ज्या वर्षी टांडावर मका, त्या वर्षी तिथला भाद्रपदातला भात नाही. मकाही लवकर तयार होतो आणि खाल्ला जातो, पण भाताची जागा तो पूर्ण भरत नाही. म्हणून टांडाचे दोन तुकडे करून एकावर भात आणि दुसऱ्यावर मका-कुळीथ असा आलटून-पालटून फेर घेणं अधिक व्यवहार्य ठरतं. भातात तुरीच्या ओळी घेण्याची पद्धतही या पठाराला नवी नाही. तुरीचा इथे दुहेरी उपयोग आहे. ती बुरशीला जास्त काळ मुळं देते. शिवाय लोहाला चिकटलेला स्फुरद सोडवणारं आम्ल तिच्या मुळांतून पाझरतं, असं हैदराबादच्या 'इक्रिसॅट'मधल्या संशोधनाने १९९० मध्ये दाखवलं होतं.

कुळीथ पेरल्यावर आणखी एक जुनी रीत आडवी येते. मुख्य पीक निघालं की गावची गुरं मोकाट सोडली जातात. एकट्याने कुळीथ पेरला तर तो गुरांच्या तोंडी जातो. म्हणजे बुरशी जगवायची तर गावाने मिळून चराईचा निर्णय घ्यावा लागतो. पाकीट एकट्याला विकत घेता येतं. हे तसं नाही.

आणि बुरशी जादू करत नाही. ती स्फुरद बनवत नाही, मातीत असलेला पोहोचवते. दरवर्षी दाण्यांबरोबर शेतातून स्फुरद बाहेर जात असेल आणि परत काहीच जात नसेल, तर एक दिवस गाठोडं रिकामं होणारच. शेणखत, थोडं स्फुरदयुक्त खत, आणि अति आम्ल जमिनीत चुना यांना पर्याय नाही. बुरशीमुळे खताची गरज कमी होऊ शकते, संपत नाही.

सरकारी योजनांत या बुरशीला जागा आहे का?

कागदावर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. त्यात १०,००० जैविक निविष्ठा केंद्रं उभारायची आहेत. २०२३ च्या 'पीएम-प्रणाम' योजनेत तर रासायनिक खतांचा वापर घटवणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा मिळण्याची तरतूद आहे.

प्रश्न असा की या पैशातून काय मोजलं जाणार? पाकिटं किती वाटली, केंद्रं किती उघडली, हे मोजणं सोपं असतं. नांगरणीतलं अंतर पाळलं गेलं का, मधल्या काळात शेतात हिरवं काही होतं का, हे मोजायला कुणी जात नाही. टांडावर मात्र फरक पडतो तो याच गोष्टींनी.

दुसरी उणीव माती परीक्षणातली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ निकष असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मातीतल्या जिवंत गोष्टींची थेट मोजणी त्यात नाही. बुरशी तपासणं फार महागही नाही. मुळं धुऊन रसायनात उकळायची, साध्या शाईत आणि व्हिनेगरमध्ये रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. निळे झालेले तंतू दिसले की बुरशी वसली आहे. सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित माणूस असलेल्या कोणत्याही कृषी विज्ञान केंद्राला हे जमण्यासारखं आहे. ज्या शेतात ती भरपूर आहे, तिथे पाकिटाचा खर्च वाचेल. जिथे नाही, तिथे तो सार्थकी लागेल.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावं?

कोकणात कुळीथ आणि नाचणी वरकस जमिनीवर पूर्वापार घेतली जातात. तिथली मातीही लाल आणि आम्लधर्मी. त्यामुळे हजारीबागचं तत्त्व कोकणच्या वरकसाला जवळचं आहे. पण कोकणातला बहुतांश भात चिखलणी करून लावला जातो. त्या खाचरांत या बुरशीकडून फार अपेक्षा ठेवणं चुकीचं ठरेल.

मराठवाड्यात चित्र आणखी वेगळं. तिथे काळ्या जमिनीत पेरसाळ घेतली जाते आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यासाठी 'प्रभावती', 'पराग' असे वाण दिले आहेत. पण तिथल्या चुनखडीयुक्त मातीत पेरसाळ पिवळी पडते ती मुख्यतः लोहाच्या कमतरतेने. झारखंडची कृती तिथे जशीच्या तशी उचलता येणार नाही.

एक बदल मात्र सगळ्यांनाच लागू आहे. पाणी वाचवण्यासाठी देशभर भाताच्या थेट पेरणीला प्रोत्साहन दिलं जातं आहे. पंजाबने तर २०२२ पासून त्यासाठी एकरी १,५०० रुपये देऊ केले. भात जसजसा पाण्यातून बाहेर येईल, तसतसा टांडावरचा प्रश्न सुपीक मैदानांतही येईल: हवेशीर मातीत स्फुरद मुळापर्यंत नेणार कोण?

हजारीबागने त्याचं उत्तर एका दशकापूर्वीच दिलं आहे. सौदीहून येणाऱ्या डीएपीचा करार दिल्लीत होतो, त्याचा हिशेब अर्थसंकल्पात दिसतो. १३ आठवडे नांगर न घालण्याचा सल्ला फुकट असल्याने कुठल्याच हिशेबात दिसत नाही, आणि तो पोहोचवण्यासाठी कुणाला कमिशनही मिळत नाही. टांडावरच्या शेतकऱ्यापर्यंत तो कृषी सहायकाच्या तोंडून पुढच्या नांगरणीआधी जातो की नाही, यावर त्या मातीतली बुरशी आणि भाद्रपदातला भात अवलंबून आहे.